दर्यावरचं तेल आणि आमची वही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. खारदांडा येथील महिला बचत गटाच्या समन्वयक ताईंनी गटाच्या वतीनं हे वाचून दाखवलं.)

आम्ही खारदांड्याहून बोलतोय. तुमच्यातल्या काही जणींनी मुंबई पाहिली असेल, पण खारदांडा बहुतेक नसेल पाहिला. खार स्टेशनला पश्चिमेला उतरून समुद्राच्या दिशेनं चालत राहिलं, की उंच इमारती संपतात, घरं बुटकी होतात, गल्ल्या अरुंद होतात आणि वास बदलतो. तोच आमचा कोळीवाडा. एका अंगाला कार्टर रोड, दुसऱ्या अंगाला जुहू, मधे आम्ही. घरातले पुरुष दर्यावर जातात. आलेलं म्हावरं निवडायचं, विकायचं, सुकवायचं ते बायकांनी. ओहोटीला खडकावरची कालवं फोडणं, चिखलातल्या चिंबोऱ्या आणि निवट्या काढणं हेही बायकांकडेच.

मागच्या वेळी सुक्या मासळीवर बोललो होतो, तेव्हा एका गावच्या गटातून प्रश्न आला. समुद्रात तेल सांडलं की नेमकं होतं काय? टीव्हीवर काळे झालेले पक्षी दाखवतात, दोन दिवसांनी बातमी संपते, पुढचं कळतच नाही. प्रश्न आम्हाला आवडला, कारण आमचं खरं दुखणं बातमी संपल्यावरच सुरू होतं. म्हणून आज तेवढ्यावरच बोलू.

७ ऑगस्ट २०१०, शनिवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली. 'एमएससी चित्रा' हे जहाज न्हावाशेव्याहून कंटेनर भरून बाहेर निघालं होतं आणि 'खलिजिया-३' आत येत होतं. चित्रा एका कुशीवर कललं. त्याच्यावर बाराशेच्या वर कंटेनर होते, त्यातले शेकडो पाण्यात पडले. जहाजावरच्या काही कंटेनरांत कीटकनाशकं होती. इंजिनासाठी ठेवलेलं तेल अडीच हजार टनांहून जास्त होतं, त्यातलं सुमारे ८०० टन समुद्रात गेलं. उन्हाळ्यात तुमच्या गावात दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना, तसे ऐंशीहून जास्त टँकर डोळ्यांपुढे आणा. आणि आत पाणी नाही, तर डांबराच्या अलीकडचं, शुद्धीकरण कारखान्यात चांगलं चांगलं काढून घेतल्यावर उरणारं काळं, जड तेल.

ते तेल वाऱ्यानं आणि भरतीनं उरण, घारापुरी, वाशीची खाडी, अलिबागकडचे किनारे असं पसरलं. तिवरांच्या मुळांवर थर बसले. आमच्या खारदांड्याला ते तेल फारसं आलं नाही, हे आधीच सांगतो. खोटं कशाला बोला.

पण भीती आली. मासेमारी थांबवली गेली, मासळी खाऊ नका अशी बोंब झाली. तो काळ कोणता होता ते लक्षात घ्या. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते आणि तेव्हा ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत असायची. बंदीच्या दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही, जातो मात्र. जाळी विणायची, बोट रंगवायची, इंजिन खोलायचं, मुलांच्या वह्या-पुस्तकांची वेळही तीच. ते सगळं कर्जावर. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. सोन्याचा नारळ दर्याला वाहायचा, पहिल्या फेरीची मासळी विकायची आणि सप्टेंबरपासून गटाचे हप्ते फेडायचे, असा आमचा सगळ्यांचा हिशोब.

आमच्यातली एक मावशी बाजारात पाटी घेऊन बसायची. तिच्यासमोर होती ती मासळी बर्फात घालून बाहेरच्या बंदरातून आलेली, चित्राच्या तेलाशी काडीचा संबंध नसलेली. रोजची गिऱ्हाइकं यायची, थांबायची, वाकून वास घ्यायची आणि पुढे जायची. एक बाई म्हणाली, "मावशी, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण घरी लहान मूल आहे." मावशीनं तिला अडवलं नाही. घरी येऊन म्हणाली, तिच्या जागी मी असते तरी घेतलं नसतं. त्या सप्टेंबरात आमच्या गटातल्या अर्ध्याहून जास्त जणींचे हप्ते चुकले. गट मोडला नाही, पण त्या दिवाळीला व्याजाचं वाटप झालं नाही.

आता तेल पाण्यात काय करतं ते सांगतो. आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. पण गेल्या काही वर्षांत शिकलेल्या माणसांना विचारत, वाचत आणि आपल्या खाजणात बघत बघत जे समजलं ते असं.

तेल पाण्यावर तरंगतं हे आपल्याला फोडणीच्या पातेल्यावरूनही माहीत आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यातला हलका भाग उडून जातो. रॉकेलसारखा वास येतो तो त्याचाच. हाच भाग सगळ्यात विषारी असतो आणि उडायच्या आधी थोडा पाण्यात विरघळतो. उरलेलं तेल लाटांनी घुसळलं जातं. आपण ताक घुसळतो तसंच, फक्त लोणी निघायच्या ऐवजी तेल आणि पाण्याचा तपकिरी चिकट लगदा होतो आणि मूळ तेलाच्या कितीतरी पट फुगतो. पुढे त्याचे गोळे होतात, वाळू-माती चिकटून काही तळाला बसतात, काही वाहत वाहत किनाऱ्याला लागतात.

मोठे मासे बऱ्याच वेळा सुटतात. तेल वर असतं, मासा खाली असतो, त्याला पोहता येतं, तो निघून जातो. म्हणून तेल सांडल्यावर साहेब लोक येतात, मेलेले मासे दिसत नाहीत आणि फार नुकसान नाही असं लिहून जातात. ज्याला पळता येत नाही त्याचं काय, हे कुणी लिहीत नाही. बऱ्याच माशांची अंडी आणि टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं पाण्याच्या वरच्या थरातच तरंगत असतात, म्हणजे बरोबर तेलाखाली. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते ती बऱ्याच माशांच्या विणीचा आणि पिल्लं वाढायचा काळ म्हणून. आणि टक्कर झाली ऑगस्टमध्ये. माणसानं बंदी पाळली, तेलानं पाळली नाही.

१९८९ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या अलास्काला 'एक्झॉन वाल्डेझ' नावाचा टँकर खडकावर चढला. त्यानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी हेरिंग माशाची अंडी अगदी किंचित तेल असलेल्या पाण्यात ठेवून पाहिली. किंचित म्हणजे पाण्याच्या अब्ज भागांत तेलातल्या विषाचे काही थोडे भाग, डोळ्यांना न दिसणारे, नाकाला न कळणारे. पिल्लांची हृदयं वाकडी वाढली, ठोके चुकू लागले. जी जगली ती नीट पोहू शकत नव्हती. अशा पिल्लाला दुसरा मासा सहज खातो. ते तेलानं मेलं असं कुठेच नोंदलं जात नाही. अलास्कात अपघातानंतर चार वर्षांनी, १९९३ मध्ये, हेरिंग कोसळली आणि तिथल्या कोळ्यांचा तो धंदा गेला. दोष एकट्या तेलाचा की रोगाचा आणि इतर गोष्टींचाही, यावर अजून वाद आहे. आम्हाला त्यातून एवढंच समजलं की नुकसान चार वर्षांनीही दार ठोठावू शकतं.

आपल्याकडचा बोंबील घ्या. मुंबईसमोरचा समुद्र लांबपर्यंत उथळ आहे. किनाऱ्यापासून पुढे कितीतरी अंतर जमीनच हळूहळू उतरत गेलेली आहे, पाण्याखाली. पुस्तकात तिला समुद्रबुड जमीन म्हणतात. नद्या आणि खाड्यांचा गाळ तिच्यावर येतो, खायला भरपूर, म्हणून आपल्या डोलीत बोंबील, मांदेली, करंदी, जवळा येतो. बोंबील जवळा खातो. जवळा म्हणजे नखाएवढा जीव, आयुष्य महिन्यांत मोजायचं, थवे करून किनाऱ्याजवळ राहणारा. जवळ्याच्या थव्यावर तेल आलं तर बोंबील मरत नाही, उपाशी राहतो, दुसरीकडे जातो. आपलं जाळं भरतीला उघडतं आणि रिकामं येतं. नवरा म्हणतो, यंदा दर्या रुसला. दर्या रुसला की काय झालं, हे कुणाला विचारणार?

तेलानं माखलेली डोलही फुकट जाते, ते वेगळंच. धुऊन निघत नाही, आणि पुढच्या खेपेचं म्हावरं तिच्यामुळे बाटतं.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते चिखलाबद्दल, कारण तिथे बायकांचा धंदा आहे. तिवराचं झाड चिखलात उभं असतं. त्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवर आपली मुळं पेन्सिलीसारखी वर काढतो आणि त्यांतून श्वास घेतो. तेलाचा थर त्या पेन्सिलींवर बसला की झाडाचं नाक दाबल्यासारखं होतं. पानं पिवळी पडतात, गळतात. मोठं झाड कधी तगतं, रोपं तगत नाहीत. आणि तिवरं गेली की कोळंबीची, माशांची पिल्लं वाढायची जागा गेली.

समुद्रात तेल खाणारे सूक्ष्म जिवाणू असतात. चित्राच्या वेळी किनारा साफ करायला असे जिवाणू मुद्दाम आणून टाकलेही होते. पण या जिवाणूंना बहुतेक कामासाठी हवा लागते. वाळूत, उघड्या खडकावर ते काम करतात. चिखलात एक वीत खाली हवाच नाही, तर तिथलं तेल तसंच राहतं, लोणच्यासारखं मुरलेलं.

किती दिवस राहतं? अमेरिकेत वेस्ट फाल्मथ नावाचं गाव आहे, तिथे सप्टेंबर १९६९ मध्ये 'फ्लोरिडा' नावाच्या बार्जमधून तेल सांडलं. चित्रापेक्षा थोडं कमीच, आणि तेलही हलकं. जवळच मोठी समुद्र संशोधन संस्था असल्यामुळे तिथले लोक वर्षानुवर्षं तोच चिखल उकरून बघत राहिले. जवळजवळ चाळीस वर्षांनीही चिखलाच्या खालच्या थरात तेल होतं. तिथे एक खेकडा असतो, एक नांगी भली मोठी आणि दुसरी चिमुकली. त्याचे भाऊबंद आपल्या खाजणातही आहेत, पोरं त्यांच्यामागे धावतात. तो खेकडा सरळ खाली बीळ खणतो. पण त्या चिखलात खणत खणत तेलाच्या थराशी आला की थांबायचा, नाहीतर आडवा वळायचा. चाळीस वर्षांपूर्वीचं तेल त्याला कळत होतं, वरून चालणाऱ्या माणसाला कळत नव्हतं. आपल्याकडे ऊन जास्त, उधाणाचं पाणी मोठं, त्यामुळे इतकी वर्षं लागणार नाहीत असं वाटतं. पण आपल्याकडे खणून बघत राहणारं कोण आहे? आमच्यातल्या ज्या बायका चिंबोऱ्या काढतात त्याच.

कालवं आणि शिवल्यांचं आणखी वेगळं. त्या जागेवरून हलत नाहीत, पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातलं जे काही असेल ते अंगात साठतं. माशाच्या यकृतात तेलातलं विष थोडंफार मोडतं, शिवलीला ते नीट जमत नाही. स्वच्छ पाण्यात राहिली तर काही आठवड्यांत ती बरीच मोकळी होते, पण स्वच्छ पाणी मिळालं तर. एक गोष्ट मनात पक्की ठेवा. तेलाचा वास असलेली मासळी किंवा शिवली हळद-मीठ लावून, चिंच घालून, उकळून चांगली होत नाही. वास झाकला जातो, तेल आतच राहतं. ती विकायचीही नाही. एका पाटीचे पैसे जातील, पण एकदा वासाची मासळी विकली की वर्षाचं गिऱ्हाईक जातं.

मधेच एक गोष्ट सांगतो. तेलावर फवारायचं एक औषध असतं. विमानातून, बोटीतून मारतात. ते मारलं की काळा थर नाहीसा होतो आणि फोटो छान येतात. पण ते भांड्याच्या साबणासारखं काम करतं, तेलाचे बारीक बारीक थेंब करून पाण्यात खाली पाठवतं. खोल समुद्रात, किनाऱ्यापासून लांब, पक्षी आणि तिवरं वाचवायला त्याचा उपयोग होतो. उथळ पाण्यात ते अंड्या-पिल्लांच्या अंगावरच जातं. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलला 'टॉरी कॅनियन' टँकर फुटला, तेव्हा खडकांवर असला साबण बेसुमार ओतला. तेव्हाचा साबण आजच्यापेक्षा जहाल होता. जिथे तो ओतला ते खडक पूर्ववत व्हायला दहा-पंधरा वर्षं लागली आणि जिथे तेल तसंच सोडलं ते दोन-तीन वर्षांत सावरले. म्हणून तेल दिसेनासं झालं असं कुणी सांगितलं, की आम्ही विचारतो, गेलं कुठे?

२०१० चा धक्का पचतोय तोवर २०११ आलं. जूनमध्ये 'विस्डम' नावाचं भंगारात निघालेलं जहाज ओढून नेताना सुटलं आणि आमच्या शेजारी जुहूच्या वाळूत येऊन बसलं. लोक सहकुटुंब बघायला यायचे, भुट्टेवाल्यांचा धंदा जोरात. ३१ जुलैला 'पवित' नावाचा छोटा टँकर आला, माणसं सोडून गेलेला, कुणाच्या लक्षातही न येता वाहत वाहत. आणि ४ ऑगस्टला 'रॅक' बुडालं. मुंबईपासून साधारण वीस सागरी मैलांवर, इंडोनेशियाहून गुजरातेत दहेजला कोळसा घेऊन जाणारं जहाज. तीस खलाशी वाचवले, ही चांगली गोष्ट. जहाजात साठ हजार टनांहून जास्त कोळसा, २९० टन इंधन तेल, ५० टन डिझेल. पावसाळी समुद्र, वारा किनाऱ्याकडे. या वेळी तेल आमच्या बाजूला आलं. जुहूच्या वाळूवर काळे पट्टे पडले. नारळी पौर्णिमा त्या वर्षी १३ ऑगस्टला होती, म्हणजे नऊ दिवसांवर. सलग दोन वर्षं, बरोबर हंगामाच्या तोंडावर.

रॅकचं प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेलं. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल लागला. जहाज चालवणाऱ्या कंपन्यांनी पर्यावरणाच्या नुकसानीपोटी १०० कोटी रुपये द्यावेत आणि ज्यांचा कोळसा होता त्या अदानी एंटरप्रायझेसनं ५ कोटी द्यावेत, असा तो होता. निघालेलं जहाज समुद्रात जायच्या लायकीचंच नव्हतं, असंही न्यायाधिकरणानं म्हटलं. निकाल लागला तेव्हाही ते तळाशीच होतं. निकाल मोठाच आहे, आम्ही त्याला कमी लेखत नाही. पण पर्यावरणाचं नुकसान म्हणजे समुद्राचं. पाटी घेऊन बसणाऱ्या मावशीचं नुकसान त्यात कुठल्या ओळीत बसतं, ते आम्हाला सापडलं नाही.

इथे आमच्या वहीची गोष्ट येते. एका कार्यालयात आम्ही भरपाईचं विचारायला गेलो होतो. आमच्यातली जी आज हे वाचतेय ती तेव्हा बीएला होती, म्हणून अर्ज भरायला तिला पुढे केलं. अर्जात रकाने होते ते असे: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मालकाचं नाव, परवाना. मावशीकडे यातलं एकही नाही. तिच्याकडे पाटी, सुरी आणि बाजारातली बसायची जागा. समोरचे साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, तुमचं गेलं हे खरं आहे, पण आधी किती यायचं ते दाखवा ना." आम्ही गप्प झालो. मावशीला रोज किती मिळायचं हे तिला तोंडपाठ, पण कागदावर एक आकडा नाही.

तुम्हाला हे नवीन वाटणार नाही. गारपीट झाली की पंचनाम्याला तलाठी येतात आणि सातबारा मागतात. निंदणी, खुरपणी, कापणी तुमची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. समुद्राला तर सातबाराच नाही. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था मच्छीमारांची गणना करते, तिच्यात मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायका मोजल्या जातात, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे आम्ही आहोत हे सरकारच्या कागदावर आहे. आमची कमाई किती, ते नाही.

म्हणून गटाच्या बैठकीत ठरवलं की वही घालायची. हप्त्यांची वही होतीच, तिच्याच मागच्या पानांवर सुरुवात केली. दर बैठकीला प्रत्येकीनं सांगायचं आणि जिला लिहिता येतं तिनं लिहायचं. तारीख आणि तिथी, कारण आमचा चिखल तिथीवर चालतो, उधाण की भांग ते कळायला हवं. किती पाट्या विकल्या, काय भाव मिळाला. कालवं किती वाटे निघाली, कुठल्या खडकावरून. चिंबोऱ्या किती, अंड्यांची मादी होती का. आणि शेवटचा रकाना, वेगळं काय दिसलं. वास, रंग, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग, मेलेलं काही, डांबराचे गोळे.

पहिल्या वर्षी सगळ्या हसायच्या. एका काकूंनी शेवटच्या रकान्यात सुनेबद्दलची तक्रार लिहायला लावली होती. नंतर सवय झाली. आणि वही भरायला लागल्यावर एक गोष्ट समजली, जी आधी समजली नव्हती. तेल आल्यावर लिहायला बसून काही उपयोग नाही. तेल यायच्या आधी काय होतं ते लिहिलेलं असेल, तरच नंतर काय गेलं ते दाखवता येतं. अलास्कात मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही हीच अडचण झाली. बऱ्याच जीवांचं अपघाताआधीचं मोजमाप नव्हतं, मग किती कमी झालं यावर वर्षानुवर्षं भांडण.

वहीत दरवर्षी पावसाळ्यात एक नोंद हमखास असते, डांबराचे गोळे. मोठा अपघात नसला तरी ते येतात, जुहूला, वर्सोव्याला, आमच्याकडे, गोव्यातही. जहाजं टाक्या धुतात आणि ते पाणी गुपचूप समुद्रात सोडतात, काही तेल विहिरींच्या भागातून येतं. बॉम्बे हायवरून येणारी पाइपलाइन मे १९९३ मध्ये फुटली होती आणि तेल मुरुडच्या किनाऱ्यापर्यंत गेलं होतं, हे जुन्या लोकांना आठवतं. जगभर मोठे अपघात पुष्कळ कमी झाले आहेत. १९७० च्या दशकात टँकरमधून सात टनांहून जास्त तेल सांडल्याच्या घटना वर्षाला सरासरी ऐंशीच्या आसपास घडायच्या, २०१० च्या दशकात त्या सहा-सातवर आल्या. हे नियम कडक केल्यामुळे झालं. रोजची थोडी थोडी गळती मात्र चालूच आहे, आणि तिची बातमी होत नाही.

त्या थोड्या थोड्यात आमचाही हात आहे, हे सांगायला हवं. बोटीच्या इंजिनाचं जळकं तेल बदललं की पूर्वी सरळ खाडीत ओतायचे. दुसऱ्याच्या जहाजाला शिव्या द्यायच्या आणि आपला डबा पाण्यात उपडा करायचा. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा दोन-चार जणींचे चेहरे उतरले, घरी भांडणंही झाली. आता धक्क्यावर एक पिंप ठेवलंय, भंगारवाला तेल घेऊन जातो. सगळे त्यात ओततात असं नाही. पण अंधार पडल्यावर ओतावं लागतं, म्हणजे लाज तरी आहे. तुमच्याकडेही ट्रॅक्टरचं, पंपाचं तेल ओढ्यात जात असेल तर तोच ओढा शेवटी कुठे येतो ते तुम्हाला माहीत आहेच.

आमच्या किनारपट्टीच्या बहिणी ऐकत असतील, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. किनाऱ्यावर तेल दिसलं तर अनवाणी जाऊ नका, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा. उघड्या हातांनी उचलू नका. अंगाला लागलं तर रॉकेल किंवा पेट्रोल चोळू नका, खोबरेल लावून पुसा आणि मग साबणानं धुवा. गोळे पेटवू नका, वाळूत पुरूही नका. फोटो काढा, फोटोत ओळखीची खूण येऊ द्या, देऊळ, खांब, काहीही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे, समुद्रातल्या तेलाचं काम त्यांच्याकडे असतं. किनाऱ्यावर आलेल्या तेलासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि तुमची महापालिका किंवा ग्रामपंचायत. फोन केला त्याची वेळ वहीत लिहा. उचललं नाही तर तेही लिहा.

गेल्या वर्षी, म्हणजे मे २०२५ मध्ये, केरळच्या समुद्रात 'एमएससी एल्सा-३' बुडालं. सहाशे चाळीस कंटेनर होते, तेल होतं, आणि प्लास्टिकचे साबुदाण्यासारखे दाणे गोण्यांतून फुटून किनाऱ्यावर आले. तिथल्या सरकारनं चार जिल्ह्यांतल्या मच्छीमार कुटुंबांना तातडीची मदत म्हणून हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ जाहीर केले. बातमी बघताना मावशी म्हणाली, "कंपनी तीच ना गं, चित्रावाली?" तिला नाव लक्षात होतं. पंधरा वर्षं.

मावशी आता बाजारात बसत नाही, गुडघे गेले. पण बैठकीला येते आणि तिचं सांगणं आम्ही लिहून घेतो, कारण कुठल्या खडकाला पूर्वी किती कालवं असायची हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. समोर आता वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम चाललंय, तिच्या ओळखीचे पाण्याचे रस्ते बदलतायत. तीही नोंद वहीत आहे. सातवी वही चालू आहे. पहिल्या दोन पावसात भिजल्या होत्या, त्या उतरवून काढल्या.

पुढच्या भागात प्रश्न आले तर वहीचे रकाने सावकाश सांगू, तुमच्या शेतीला, शेळ्यांना, भाजीला जुळतील असे करून घ्या. आज निघताना शेवटची नोंद वाचतो, परवाची. अमावास्या, उधाण. कालवं चार वाटे. चिंबोऱ्या अकरा, दोन माद्या अंड्यांच्या, सोडून दिल्या. गोळे नाहीत. वास नाही.